जमिनीवर आखलेलं घर

पहिल्या आठवड्यात सगळेच विद्यार्थी भिंतीतून चालतात.

आमच्या नेपथ्याच्या वर्गात हॉलच्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या टेपने घर आखतात, खऱ्या मापाचं. टेपची रेघ म्हणजे भिंत. रेघ तुटते तिथे दार. नियम एकच, रेघेवर पाय द्यायचा नाही. नवी मुलं ते विसरतात, मग हसतात, एकमेकांना भूत म्हणतात. पुढे केव्हातरी हसणं थांबतं. एखादी मुलगी दोन हातांत चहाचे दोन कप घेऊन नसलेल्या दारापाशी थांबते आणि कोपराने ते दार ढकलते. ते ती कुणाला दाखवायला करत नसते. तिथून पुढे शिकवणं सोपं जातं.

मी तिथे प्रकाश आणि ध्वनी शिकवते. माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. शाळेच्या नाटकात मला पडदा ओढायलाही कुणी घेतलं नव्हतं. आमचे विभागप्रमुख मूळचे वास्तुरचनाकार. उंच, सरळ आणि मितभाषी, म्हणून मुलं त्यांना ओळंबा सर म्हणतात, आता तर तोंडावरही. मुलाखतीत त्यांनी मला नाटकाबद्दल काहीच विचारलं नव्हतं. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली आणि सामान भरल्यावर वाजवली तर काय फरक पडेल, एवढाच प्रश्न होता. मी घुमण्याचं गणित मांडायला लागले तर त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, उद्यापासून या. नेपथ्य म्हणजे देखावा उभा करणं नव्हे, जागेचं वागणं बदलणं, आणि ते एका विषयाच्या माणसाला झेपत नाही, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे आमच्याकडे प्रवेशाला कसलंही शिक्षण चालतं. यंदा वर्गात एक परिचारिका होती, मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून आलेली. तिला सगळे सिस्टर म्हणत. एक गणिताचा पदवीधर होता, त्याचं नाव गणितच पडलं. आणि दुकान भाच्याच्या हवाली करून आलेला एक शिंपी, वयाने माझ्याएवढा, जिभेने माझ्या दुप्पट.

आखायचं घर दरवर्षी एखाद्या नाटकातलं असतं. यंदा मुलांनी कुरकुर केली. त्या घरांत नाटककार आधीच राहून गेलेला असतो, म्हणाली. आम्हाला असं घर द्या की ज्यात अजून कुणीच गेलेलं नाही. ओळंबा सर म्हणाले, शोधा. त्यावर मी म्हटलं, माझ्याकडे आहे. म्हणायचं ठरवलं नव्हतं, पण म्हणून गेले.

आम्ही एका इमारतीत घर घेतलं होतं, तिसऱ्या मजल्यावर. इमारत दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आली आणि थांबली. बांधणाऱ्यांचं आपसात काहीतरी बिनसलं आणि सगळं भिजत घोंगडं पडलं. संध्याकाळी फिरायला जाताना सासूबाई आणि मी तिथे क्षणभर उभ्या राहायचो. खांबांमधून गज वर आलेले, त्यावर आकाश. सासूबाई बोट दाखवून म्हणायच्या, बघ, आपल्या स्वयंपाकघरातून कावळा गेला. लोक हवेत इमले बांधतात, आपण तर रीतसर नकाशा काढून बांधलाय, असंही म्हणायच्या.

नवरा भूगर्भतज्ज्ञ आहे. लग्नाआधी आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते सुरुवातीला टोचलं, नंतर त्यांनी कान तयार केले. तो दूरच्या एका खाणीवर आहे, तिकडेच कंपनीच्या वसाहतीत राहतो आणि मोठ्या सुट्ट्यांना येतो. घर झालं की तो इकडे बदली मागेल, असं आमच्यात ठरलं होतं. म्हणजे मी तसं धरून चालले होते. घर होईना, आणि फोनवर तो दरवेळी म्हणायला लागला की तू आणि आईच इकडे या, वसाहतीच्या शाळेला विज्ञानाची बाई हवी आहे. मी म्हणायचे, बघू. त्याने परत यावं एवढंच मला हवं होतं, पण ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. ज्याचं मन खडकात रमतं त्याला शहरातल्या कचेरीत बसायला बोलवायचं, म्हणजे कारण तरी तेवढं वजनदार हवं. मला वाटायचं, घर हे कारण आहे. ते झालं की मला काही म्हणावंच लागणार नाही.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. बांधणाऱ्यांनी कळवलं की ज्यांना घर सोडायचं असेल त्यांनी महिनाअखेर सांगावं. आणि खाणीने नवऱ्याला कायमचं राहण्याबद्दल विचारलं, त्याचंही उत्तर त्याच सुमारास द्यायचं होतं. तो म्हणाला, मी येतोय, काय ते एकदाचं ठरवून टाकू. घर सोडलं तर तो कायमचा तिकडचा होणार, हे मला सांगायला कुणी नको होतं.

तर ते घर मी वर्गाला दिलं. मनाशी हेही होतं की तो आला की त्याला हॉलमध्ये आणायचं. जे मला बोलता येत नाही ते जागा बोलेल. आमच्या धंद्यातल्या माणसांना अशी खात्री असते.

मुलांनी जीव लावून काम केलं. गणितने नकाशा जमिनीवर उतरवला, प्रत्येक दार किती उघडेल त्याचे कंस काढले, आणि न्हाणीघराचं दार उघडं असताना कपाटाचं उघडणार नाही हे आम्हाला इतक्या वर्षांत न दिसलेलं सत्य पहिल्याच दिवशी सांगितलं. सिस्टरने खाटेभोवतीची जागा तपासली. तिच्या मते खोली चांगली की वाईट हे ठरवायची एकच रीत: तिथून एका माणसाला झोपवून बाहेर नेता येतं का. शिंप्याने खिडक्यांना पडद्याचं कापड निवडलं आणि ते वाऱ्याने हलावं की फडफडावं यावर माझ्याशी भांडला. मी पश्चिमेच्या खिडकीमागे मोठा दिवा उभा केला, वर्षाच्या याच दिवसांत सूर्य जितका खाली असेल तितका खाली. ऊन कुठवर येईल हे मी पूर्वीच काढून ठेवलं होतं. ते माझ्या टेबलापर्यंत यायचं.

सासूबाई एक दिवस येऊन गेल्या. त्यांनी चपला टेपच्या दाराबाहेर काढल्या, सरळ आपल्या खोलीत गेल्या, खाट हातभर सरकवून घेतली आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून म्हणाल्या, इथून रस्ता दिसायला हवा. गणित लगेच रस्ता आखायला धावला. शिंपी म्हणाला, आजी, समोर कोण राहायला हवं तेही सांगा, हातासरशी करून टाकू. त्या म्हणाल्या, तुझ्यापेक्षा कमी बोलणारं कुणीही चालेल.

मग दिवस चालवायचा असतो. म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसाची जागा एका विद्यार्थ्याने घ्यायची, आणि उठल्यापासून निजेपर्यंतचा दिवस न बोलता तिथे काढायचा. बाहेरून कुणीतरी वेळ सांगत राहतो. सिस्टर मी झाली. शिंपी शाल पांघरून सासूबाई झाला, फार मन लावून. गणितला नवरा केलं. ओळंबा सर म्हणाले, सकाळ झाली.

सिस्टर उठली आणि टेबलाशी गेली. शिंपी बाल्कनीत बसला. गणित अंथरुणात उठून बसला आणि तिथेच अडकला. पलंग मी भिंतीला लावला होता आणि मोकळी बाजू माझी होती, त्यामुळे त्याला पायथ्याकडून रांगत यावं लागलं. वर्गात थोडं हसू झालं. तो न्हाणीघरातून बाहेर आला आणि नसलेला टॉवेल हातात धरून उभा राहिला. स्वयंपाकघरात दोन स्टुलं, ती दोन बायकांची. खिडकीत टेबल एक, त्यापाशी सिस्टर. तो बाल्कनीच्या दारापर्यंत गेला तर शिंप्याने शालीतून एक नजर टाकली, तो मागे फिरला. शेवटी पॅसेजमध्ये येऊन थांबला.

"मॅडम, नियम मोडतोय, पण टॉवेल कुठे वाळत घालू?"

"दोरी माझी आहे," शिंपी सासूबाईंच्या आवाजात म्हणाला. "पाहुण्यांनी हात लावायचा नाही."

सगळे हसले. मीही हसले असेन. कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुमच्या सरांना पॅसेजमध्येच ठेवायचं का? ओळंबा सर म्हणाले, थांबू नका, त्याचा दिवस पूर्ण होऊ द्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मी दिवा खाली आणत गेले, ऊन ठरल्याप्रमाणे टेबलावर आलं आणि सिस्टरचे हात त्यात नारिंगी झाले. गणित पॅसेजमध्ये कधी या पायावर, कधी त्या पायावर उभा होता. आता कुणी हसत नव्हतं.

दिवस संपल्यावर त्याने नकाशा माझ्यासमोर धरला. त्याला वाटत होतं की आपलंच काही चुकलं. म्हणाला, सगळीकडे तुमच्या अक्षरात लिहिलंय, माझं टेबल, आईंची खाट, आईंची दोरी. तुमच्या सरांचं म्हणून फक्त इथे आहे, माळ्यावर. 'बॅग' असं लिहिलंय.

सिस्टर टेप गुंडाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे खाट नसली की पेशंटला पॅसेजमध्ये ठेवायचो. रोज सांगायचो, उद्या देतो."

घरी जाऊन मी नकाशा पुढ्यात घेऊन बसले. टेबल थोडं सरकवलं की दुसरी खुर्ची बसत होती. पलंग भिंतीपासून ओढला की दोन्ही बाजू मोकळ्या होत होत्या. कपाटात खण होते, बाल्कनीत आणखी एक दोरी सहज मावली असती. जागेची अडचण नव्हतीच. त्या घराचा मी इतकी वर्षं रोज विचार करत होते, आणि त्या विचारात तो दारात उभा असायचा, हातात बॅग, नुकताच आलेला. मी त्याला आत आणून बसवलंच नव्हतं. येण्यापुढे माझी कल्पना गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली, अजून वेळ आहे, बदलून टाकू. ओळंबा सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. हवा तसा आकडा आला नाही म्हणून काही कुणी प्रयोगाच्या वहीत खाडाखोड करत नाही.

नवरा आला तो उन्हाने काळवंडून, केस आणखी मागे गेलेले. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, ठरवायच्या आधी एक दाखवायचंय. दुपारी तिघं हॉलवर गेलो. मुलांनी दिवा लावून ठेवला होता, आणि शिंप्याला जवळजवळ ओढत ती बाहेर निघून गेली.

तो बोलत बोलत सरळ दिवाणखान्याच्या भिंतीतून आत शिरला.

"अरे, दार आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "चोरासारखा कुठून घुसतोस?"

तो थांबला, जमिनीकडे पाहिलं, आणि काही न विचारता मागे फिरून दारातून आला. नंतर त्याचा पाय एकदाही रेघेवर पडला नाही. त्याला हे कठीण नव्हतं. खाणीतसुद्धा तो कागदावरच्या रेघेला खडक मानूनच चालतो. दिशा विचारल्या. खिडकीतलं ऊन बघून तळहात त्यात धरला आणि म्हणाला, बरोबर, या दिवसांत इतकंच येईल. न्हाणीघर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं, तरी त्याची पावलं गणितच्याच वाटेने गेली. टेबल, स्टुलं, बाल्कनीचं दार, आणि मग पॅसेज. तिथे तो थांबला. वर जिथे माळा असणार होता तिथे बघितलं. टेपवर आम्ही नकाशातले शब्द जसेच्या तसे लिहिले होते, आणि त्याच्या पायाशी 'बॅग' लिहिलेलं होतं.

"छान जमलंय," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "म्हणजे मी आलो की उतरायचं इथेच का?"

मी त्याला सांगितलं की हे मलाही परवाच कळलं, आणि कळल्यावर बदललं नाही. तो म्हणाला, बरं केलंस. सासूबाई आपल्या खाटेवर बसून होत्या. मी टेपचं रीळ उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"तुझी तिकडची खोली आख. शेजारी, या मोकळ्या जागेत."

त्याला वाटलं मी विषय बदलतेय. पण हातात टेप आली की त्याला राहवत नाही. गुडघ्यावर बसून त्याने रेघा मारल्या, सरळ, नेटक्या, न मोजता. दार. खिडकी, ती डोंगराकडे. खाट. नमुने ठेवायची फळी, ती मात्र एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेबल. टेबलाला एक खुर्ची.

"दुसरी?" मी विचारलं.

"दुसरी काय?"

"खुर्ची."

तो तसाच गुडघ्यावर राहिला. मला आता वाटतं की त्याने ती खोली मनात पुन्हा एकदा फिरून पाहिली असावी. फोनवर तो आम्हाला याच खोलीत बोलावत होता. वसाहतीत मोठं घर मिळतं, असं म्हणायचा. पण ते त्याने कधी मागितलं नव्हतं. खाट एकट्याची होती.

"शहाणे आहात दोघं," सासूबाई म्हणाल्या. "आग्रह करकरून एकमेकांना बोलावताय आणि बस म्हणायला कुणाकडे काही नाही. मी मेली उगाच कावळे मोजत बसले."

तो हसला, मीही हसले. मग मी म्हटलं,

"तू परत ये. घर होवो, न होवो."

त्याने टेपचं टोक बोटाने दाबून बसवलं. "हे तू कधी म्हणाली नाहीस."

"नाही म्हटलं. वाटायचं, घर झालं की येशीलच."

"मला वाटायचं घर तुम्हा दोघींचं आहे. मी आपला अधूनमधून." एवढं बोलून तो उठला, गुडघे झटकले आणि दाराकडे गेला. मला वाटलं, हॉलबाहेर चालला. पण तो आमच्या घराच्या दारातून आत आला, माझ्या टेबलाशी गेला, आणि माझ्याच खुर्चीवर उन्हात बसला. मला कुठे बसावं कळेना, म्हणून मी पलंगाच्या कडेला बसले, मोकळ्या बाजूला. मुलं परत येईपर्यंत आम्ही बसून होतो. कामाचं बोललो. त्याच्या खाणीत एक बोगदा अर्ध्यावर आहे, तो खडक फक्त त्यालाच ठाऊक आहे, तो पुरा झाल्याशिवाय निघता येणार नाही. शहरातल्या कचेरीत आज जागा नाही, विचारावं लागेल, मिळेल न मिळेल. मी सगळं ऐकलं. यातलं एकही वाक्य मला हवं तसं नव्हतं, आणि तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्याच्या येण्याबद्दल बोलत होतो.

महिनाअखेर आम्ही दोन निरोप दिले. घर सोडतो, हा एक. कायम राहत नाही, हा त्याने खाणीला दिलेला दुसरा. सासूबाईंना वाईट वाटलं, बाल्कनीचं. रस्ता आखून देणाऱ्या त्या पोराला कळवा म्हणाल्या. कळवायची गरज नव्हती. वर्षाचं काम संपलं की हॉल होता तसा रिकामा करून द्यायचा, ही आमची रीत आहे. टेप काढताना ती जमिनीलगत, तिरकी आणि हळू ओढावी लागते, नाहीतर गोंद राहतो. शिंप्याने आमच्या सगळ्या भिंतींचा एक गोळा केला आणि विचारलं, मॅडम, घरी नेता का? मी म्हटलं, नको, आमच्याकडे दोनच खोल्या आहेत.

नवरा खाणीवर परत गेल्याला आता बराच काळ झाला. बोगदा पुढे सरकतो, मधेच पाणी लागतं, मग थांबतो. कचेरीतून अजून काही कळलेलं नाही. फोन येतो. आता मी बघू म्हणत नाही. कधी येतोस, असं विचारते, आणि त्याला माहीत नसतं तेव्हा माहीत नाही म्हणतो. पूर्वी मला याचा इतका त्रास होत नसे. पूर्वी मी एका घराची वाट बघत होते. माणसाची वाट बघणं अंगाला जास्त लागतं, जेवताना आणि दिवा मालवतानाही.

तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी आमच्या भाड्याच्या घरातलं एकुलतं कपाट उपसलं. माझ्या साड्या त्यांच्या खणात कोंबल्या, त्यांची औषधं स्वयंपाकघरात हलवली, आणि मधला खण पुसून मोकळा ठेवला. मी म्हटलं, तोवर तात्पुरत्या चादरी ठेवू. त्या म्हणाल्या, तात्पुरतं म्हणता म्हणता आपण किती वर्षं घालवली ते बघ. खण रिकामाच आहे. त्या दिवसातून एकदा तरी कपाट उघडून आत नजर टाकतात. मीही टाकते, त्या बाहेर गेल्या की.